घराचे इंटरनेट कर्त्याच्या खिशात

सायंकाळचे सात वाजलेले असतात. घरातील कर्ता पुरुष अद्याप कामावरून परतलेला नसतो. दहावीतल्या मुलीला शाळेने पाठविलेली गणिताची चित्रफीत पाहायची असते, आजोबांना निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला भरायचा असतो आणि गृहिणीला विजेच्या देयकाची शेवटची तारीख आठवत असते. घरात दूरचित्रवाणी संच आहे, फ्रीज आहे, जुना का होईना एक लॅपटॉपही आहे. नाही ते फक्त इंटरनेट. कारण ते या क्षणी कर्त्याच्या खिशात, लोकलच्या गर्दीत उभे आहे. तो घरी येईल, हातपाय धुईल, मोबाईलवरील हॉटस्पॉट सुरू करील, तेव्हा हे घर जगाशी जोडले जाईल. आणि तेवढ्यात त्याला कोणाचा फोन आला व तो बोलत बोलत गच्चीवर गेला, की जोडलेले घर पुन्हा तुटेल.

असे घर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. चाळीत, सोसायटीत, तालुक्याच्या गावी, वाडीवस्तीवर, सर्वत्र ते आढळते. विशेष म्हणजे सरकारी पाहणीच्या लेखी हे घर 'इंटरनेटची सुविधा असलेले' घर आहे. प्रश्न नेमका येथेच सुरू होतो.

आकड्यांचा आनंद

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातील २३.८ टक्के घरांत इंटरनेटची सुविधा असल्याचे आढळले होते. २०२५ च्या पहिल्या तीन महिन्यांत झालेल्या दूरसंचारविषयक पाहणीत हाच आकडा ८६.३ टक्क्यांवर गेला. सात वर्षांत एवढी झेप! कोणाही देशभक्त माणसाला आनंद व्हावा असाच हा आकडा आहे. पण त्याच पाहणीतील दुसरा आकडाही वाचायला हवा. किमान एक स्मार्टफोन असलेल्या घरांचे प्रमाण ८५.५ टक्के. दोन्ही आकड्यांत एका टक्क्याचेही अंतर नाही. याचा सरळ अर्थ असा की, 'घरात इंटरनेट आहे' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा बहुतेक ठिकाणी 'घरातील कोणाकडे तरी फोन आहे' एवढेच म्हटलेले असते.

आता तारेने जोडलेल्या घरांकडे वळावे. देशातील ब्रॉडबँड जोडण्यांची संख्या नव्वद कोटींच्या पुढे गेली आहे. त्यांतील तारेच्या जोडण्या साडेचार कोटींच्या आसपास, म्हणजे शंभरात जेमतेम पाच. त्यांतही दुकाने, कार्यालये, दवाखाने, बँका यांच्या जोडण्या आल्याच. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे पावणेपंचवीस कोटी कुटुंबे होती; आज ती तीस कोटींच्या घरात गेली असावीत असे मानले जाते. हिशेब कितीही उदारपणे केला, तरी सात घरांमागे एका घरापेक्षा फार अधिक घरांत इंटरनेटची तार पोहोचलेली नाही. छतावर पेटी बसवून हवेतून घेतलेल्या फाइव्ह-जी जोडण्या त्यात मिळविल्या, तरी चित्र फारसे पालटत नाही. उरलेली घरे खिशावर चालतात.

आणखी एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. ब्रॉडबँड म्हणजे किमान किती वेग, याची व्याख्या २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस होती. पुढे ती ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३ च्या प्रारंभी २ एमबीपीएस. या मोजपट्टीत बसणारे प्रत्येक सिमकार्ड ब्रॉडबँड जोडणी म्हणून मोजले जाते. एकाच तरुणाच्या फोनमध्ये दोन सिमकार्डे असली आणि दोन्हींवर डेटा चालत असला, तर त्या दोन जोडण्या होतात. त्याच्या शेजारच्या घरातील पाच माणसांत मिळून एक फोन असला, तर ती एक जोडणी होते. ज्या हिशेबात एका माणसाचे वजन दोन आणि पाच माणसांचे वजन एक भरते, त्या हिशेबावर विसंबून देशाची घरे जोडली गेल्याचा निष्कर्ष काढणे ही आत्मवंचना आहे.

तार मागे पडली कशी?

ही स्थिती एका दिवसात आलेली नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ते घरातल्या दूरध्वनीच्या तारेवरूनच येत होते. २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण आले. २०१० पर्यंत दोन कोटी जोडण्यांचे उद्दिष्ट त्यात होते. २००५ च्या प्रारंभी सार्वजनिक क्षेत्रातील दोन्ही दूरसंचार कंपन्यांनी तारेवरून ब्रॉडबँड देण्यास आरंभ केला. मध्यमवर्गीय घरांतील संगणकाच्या मेजावर मोडेमचे हिरवे दिवे लुकलुकू लागले ते याच काळात. परंतु २०१० सरले तेव्हा जोडण्या सव्वा कोटीपर्यंतही पोहोचल्या नव्हत्या. तांब्याच्या तारा पावसाळ्यात बंद पडत, दुरुस्तीला दिवस लागत, नव्या जोडणीसाठी खेटे घालावे लागत. लोकांनी दूरध्वनी परत केले. २०२० च्या सुमारास देशभरातील तारेचे दूरध्वनी दोन कोटींवर आले होते.

आणि मग ५ सप्टेंबर २०१६ नंतरचे पर्व आले. त्यापूर्वी मोबाईलवरील एका जीबीसाठी दोन-अडीचशे रुपये मोजावे लागत. आता तो जवळजवळ फुकट मिळू लागला. भाजीवाल्यापासून बागायतदारापर्यंत सर्वांच्या हाती चित्र, ध्वनी, पैशांचे व्यवहार आले. ही क्रांती नाकारण्याचा करंटेपणा कोणी करू नये. पण याच क्रांतीने एक सोयीस्कर समज रुजविला: आता तारेची गरजच काय? राज्यकर्त्यांना तो सोयीचा होता, कारण रस्ते खोदण्याचे झंझट टळले. कंपन्यांना तो सोयीचा होता, कारण एका घराला एक जोडणी विकण्याऐवजी एका घराला चार रिचार्ज विकता येऊ लागले. ग्राहकालाही तो सोयीचा वाटला, कारण सुतार-गवंडी घरात न आणता काम भागले. तिघांची सोय झाली. घराची मात्र झाली नाही.

उसन्या पाण्यावर संसार

हॉटस्पॉट म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. मोबाईल मनोऱ्याकडून येणारा संदेश फोन ग्रहण करतो आणि तोच पुन्हा घरातील इतर यंत्रांकडे पाठवितो. एकाच वेळी दोन कामे करताना तो तापतो, त्याची बॅटरी भराभर उतरते. मनोऱ्याचा स्पेक्ट्रम मर्यादित असतो आणि परिसरातील सर्व फोन तो वाटून घेतात. म्हणून दुपारी दोन वाजता धावणारे इंटरनेट रात्री नऊ वाजता रांगू लागते. लहरींची वारंवारता जितकी अधिक, तितकी ती भिंती भेदण्यास असमर्थ. म्हणून खिडकीत मिळणारी रेंज सिमेंट-काँक्रीटच्या आतल्या खोलीत मिळत नाही. आपल्याकडे फाइव्ह-जीचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झचा आहे, त्याला तर भिंतीचे वावडे अधिकच. शिवाय मोबाईलचे जाळे प्रामुख्याने वरून खाली, म्हणजे पाहण्यासाठी, आखलेले असते. विद्यार्थ्याने गृहपाठाची चित्रफीत वर पाठवावी, एखाद्या भगिनीने घरबसल्या शिवणकामाचा वर्ग घ्यावा, अशा उलट प्रवाहाला त्यात दुय्यम स्थान असते.

आता पैशांचे गणित पाहावे. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर रोज दोन जीबी देणारे २८ दिवसांचे रिचार्ज साडेतीनशे रुपयांच्या आसपास गेले. महिना तीस-एकतीस दिवसांचा आणि रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचे. म्हणून वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज करावे लागतात. ग्राहकांच्या तक्रारींनंतर २०२२ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, आदेश काढावा लागला की, प्रत्येक कंपनीने किमान एक तरी योजना तीस दिवसांची ठेवावी. तीन फोन असलेल्या घराचा वर्षाचा खर्च साडेतेरा हजारांवर जातो. याउलट तारेची साधी जोडणी, जिथे ती मिळते तिथे, महिना चारशे रुपये अधिक १८ टक्के कर, अशी वर्षाला साडेपाच-पावणेसहा हजारांत मिळते. मोबाईलच्या एका रिचार्जमध्ये २८ दिवसांत ५६ जीबी पदरात पडतात. तारेच्या प्रचलित योजनांत महिन्याची मर्यादा ३३०० जीबी असते. फोन ठेवावे लागणारच, हे खरे. परंतु घरात राहणाऱ्या वृद्धांच्या फोनला डेटा लागतोच असे नाही. केवळ बोलणे व संदेश यांसाठीच्या स्वतंत्र योजना ठेवण्यास ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना भाग पाडले, ते याचसाठी.

पैशांहून अधिक बोचतो तो रोजच्या रोज संपणारा शिधा. दिवसाचा वाटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीच्या डायल-अपच्या पातळीवर. वापरला नाही तर तो उद्यासाठी उरत नाही. चित्रफितीसह चालणाऱ्या तासाभराच्या वर्गाला अर्धा ते एक जीबी लागतो. दोन मुलांचे दोन वर्ग झाले की घराचा त्या दिवसाचा शिधा संपला. मग परीक्षेच्या अभ्यासासाठी मुले रात्री बारा वाजण्याची वाट पाहत जागतात, कारण बाराच्या ठोक्याला नवा शिधा सुरू होतो. रेशनच्या दुकानापुढची रांग जुन्या पिढीला आठवत असेल. ही रांग घरातच लागते, अंधारात लागते आणि ती कोणाला दिसत नाही.

रांगेत शेवटी कोण?

या रांगेत पहिला मान फोन ज्याचा असेल त्याचा. बहुसंख्य घरांत फोन कोणाचा असतो, हे सांगायला नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वयोगटातील ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते; स्त्रियांत हे प्रमाण ३३.३ टक्के होते. स्वतः वापरत असलेला मोबाईल असणाऱ्या स्त्रिया ५४ टक्के. त्यानंतर परिस्थिती सुधारली आहे, पण क्रम बदललेला नाही. आधी कर्ता, मग मुलगा, मग मुलगी, मग गृहिणी आणि शेवटी वृद्ध. मातृशक्तीचा गौरव व्यासपीठावरून करणाऱ्या समाजाने आपल्या घरातील ही रांग एकदा मोजून पाहावी.

घरात वीज येते तेव्हा दिवा कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न उद्भवत नाही. नळाला पाणी आले की सून भरते, सासू भरते, लेक भरते. चूल सर्वांची असते. घर नावाच्या व्यवस्थेचे हे सौंदर्य आहे की, जे घरात येते ते सर्वांचे होते. खिशातील इंटरनेट या व्यवस्थेत बसत नाही. ते एका व्यक्तीचे असते आणि इतरांना तिच्या मर्जीने मिळते. मुलीला मैत्रिणीशी अभ्यासाविषयी बोलायचे असले तर वडिलांचा फोन मागावा लागतो. त्यात वडिलांचे संदेश येत असतात, बँकेचे सांकेतिक अंक येत असतात. वडील अस्वस्थ, मुलगी संकोचलेली. कुटुंबव्यवस्थेच्या ऱ्हासाची चिंता करणाऱ्यांनी हाही ऱ्हास मनावर घ्यावा. प्रत्येकाच्या हाती वेगळा फोन आणि प्रत्येकाच्या कानात वेगळी बोंडे, हे दृश्य मुळात 'घराला एक' याऐवजी 'डोक्याला एक' या व्यापारी गणितातून आले आहे.

२०२० च्या टाळेबंदीत या गणिताचा पाया उघडा पडला. शाळा फोनवर भरू लागल्या आणि एका फोनवर तीन इयत्ता कशा बसवायच्या, हे कोडे लक्षावधी घरांना पडले. कोकणात एका विद्यार्थिनीला रेंज मिळावी म्हणून डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास करावा लागला. तिच्या जिद्दीचे कौतुक झाले, तेही योग्यच. पण मुलीला डोंगरावर बसावे लागते ही जिद्दीची कथा असण्याआधी व्यवस्थेच्या अपयशाची कथा आहे, याची आठवण किती जणांनी ठेवली?

आक्षेपांचा विचार

यावर काही आक्षेप घेतले जातील आणि त्यांतील काही रास्त आहेत. ऊसतोड कामगाराला, बांधकामावर फिरणाऱ्या कुटुंबाला, भाड्याच्या खोलीत राहून स्पर्धापरीक्षा देणाऱ्या तरुणाला तारेचा उपयोग काय? त्याच्यासाठी फोन हेच योग्य साधन आहे. सह्याद्रीच्या कुशीतील चार घरांच्या पाड्यावर उद्याच तार नेणे शक्य नाही, हेही मान्य. तार तुटली किंवा वीज गेली की हॉटस्पॉटच कामी येतो. अडीअडचणीला शेजारच्या घरून पाण्याची कळशी आणण्यात कमीपणा नाही. परंतु शेजाऱ्याची कळशी हाच आपला नळ, असे नगरपालिकेने ठरविले तर ते चालेल काय? आक्षेप मोबाईलच्या वापराला नाही. तात्पुरत्या सोयीला कायमची व्यवस्था मानण्याच्या वृत्तीला आहे.

दुसरा युक्तिवाद असा की, फाइव्ह-जी आले, पुढे सिक्स-जी येईल, मग तार कालबाह्य होईल. हा युक्तिवाद करणाऱ्यांना मनोऱ्याच्या पायथ्याशी नेऊन उभे करावे. मनोरा स्वतः इंटरनेट निर्माण करीत नाही. त्यालाही ते कोठून तरी आणावे लागते, आणि उत्तम वेगासाठी ते ऑप्टिकल फायबरनेच आणावे लागते. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ब्रॉडबँड मिशनने २०२४ पर्यंत ७० टक्के मनोरे फायबरने जोडण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. ते गाठता आले नाही. म्हणजे तारेवाचून बिनतारीही पांगळेच. या फायबरच्या शास्त्राला नाव व पाया देणाऱ्यांत अग्रणी असलेले नरिंदरसिंग कपानी हे पंजाबातील मोग्याचे सुपुत्र. २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देऊन देशाने त्यांचा सन्मान केला. त्यांच्या विद्येचा प्रकाश त्यांच्याच मातृभूमीतील घरांच्या उंबरठ्याबाहेर थांबावा, यासारखा विपर्यास नाही.

मोजदाद घराची हवी

या देशाला घर मोजता येत नाही असे नाही. पूर्वी गावातील सार्वजनिक ठिकाणी आणि दहा टक्के घरांत वीज आली की ते गाव विद्युतीकृत ठरे. उरलेली नव्वद टक्के घरे अंधारात असली तरी कागदावर उजेड असे. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लायसांग गावी वीज पोहोचली आणि देशातील सर्व गावे विद्युतीकृत झाल्याचे घोषित झाले. पण त्याआधीच, सप्टेंबर २०१७ मध्ये, सौभाग्य योजनेने मोजमापाचे एकक बदलले होते: गाव नव्हे, घर. १ मे २०१६ रोजी बलियात सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅसची जोडणी घरातील स्त्रीच्या नावे दिली. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा ग्रामीण भागातील सुमारे सव्वातीन कोटी घरांत नळ होते. आज ही संख्या पंधरा कोटींच्या पुढे गेली आहे. एकक बदलले की ध्येय बदलते, आणि ध्येय बदलले की यंत्रणेला कामाला लागावे लागते.

मग इंटरनेटच्या बाबतीतच मोजणी खिशांची का? २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणाने २०२२ पर्यंत निम्म्या घरांना तारेच्या ब्रॉडबँडची सोय देण्याचे उद्दिष्ट मांडले होते. २०२२ उलटून गेले. निम्मी घरे सोडाच, पाचवा हिस्साही झाला नाही. आणि त्याबद्दल कोठे खंतही व्यक्त झाली नाही, कारण स्मार्टफोनच्या आकड्यांनी सर्वांची तोंडे गोड केली होती. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, तेव्हा दोन वर्षांत अडीच लाख पंचायतींचे लक्ष्य होते. सरकार बदलले, २०१५ मध्ये योजनेचे भारतनेट असे नामकरण झाले, कामाला वेग आला आणि दोन लाखांहून अधिक पंचायतींपर्यंत तार गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमाला संमती मिळाली. परंतु पंचायतीच्या कपाटात बंद असलेली पेटी म्हणजे गावातील घर नव्हे. वेशीपर्यंत आलेले पाणी घागरीत पडल्याखेरीज तहान भागत नाही.

शहरांनीही आपल्या अंगणात पाहावे. खोदाईच्या परवानगीसाठी महानगरपालिकांनी लावलेले शुल्क, त्यातून पळवाट म्हणून झाडांना व दिव्यांच्या खांबांना लोंबकळणाऱ्या काळ्या तारा, आणि एकाच पुरवठादाराला दार उघडून इतरांना बंदी घालणाऱ्या सोसायट्या, हे सर्व मध्यमवर्गाच्या डोळ्यांदेखत घडते. मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याची तरतूद ट्रायने २०२४ मध्ये केली. कायदे आले; ते वापरणारे नागरिक यायचे आहेत.

हे काम केवळ सरकारवर सोडून भागणार नाही. गावातील कार्यकर्त्याने एकदा ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे: भारतनेटची पेटी आली आहे का, तिचा दिवा लागतो का, त्यावरून शाळेला, आरोग्य उपकेंद्राला आणि किती घरांना जोडणी मिळाली? ग्रामसभेच्या इतिवृत्तात त्याची नोंद करून घ्यावी. शहरातील कार्यकर्त्याने सोसायटीच्या वार्षिक सभेत दुसऱ्या पुरवठादारासाठी मार्ग खुला करण्याचा ठराव मांडावा. वस्तीतील अभ्यासिका चालविणाऱ्यांनी दिव्यांच्या व पुस्तकांच्या खर्चाबरोबर तारेच्या एका जोडणीचाही खर्च धरावा. वर्षाच्या पाच-सहा हजारांत पन्नास मुलांची मध्यरात्रीची रांग मोडते. आणि पुढील पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी प्रश्नच बदलावा. 'घरात इंटरनेट आहे का?' असे न विचारता 'कर्ता बाहेर गेल्यावर घरात इंटरनेट उरते का?' असे विचारावे.

या प्रश्नाचे उत्तर ज्या दिवशी घराघरांतून 'होय' असे येईल, त्या दिवशी ८६ टक्क्यांच्या आकड्याला पेढे वाटावेत. तोवर संध्याकाळी सात वाजता लॅपटॉप उघडून वडिलांची वाट पाहत बसलेली दहावीतील मुलगी हीच या देशाची खरी आकडेवारी आहे.